सद्भाव पुरेसा आहे काय?

दुसऱ्याचा प्राण वाचविण्यासाठी धावून जाणाऱ्या मनुष्याच्या हेतूविषयी सहसा कोणी शंका घेत नाही. म्हणूनच त्याच्या हातून काही चुकले म्हणजे लोकांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, जो उपकार करावयास आला त्यासच जाब विचारणे हा कृतघ्नपणा होय. दुसरा म्हणतो, रुग्णवाहिकेतील उपचारक पगार घेऊन काम करतो; पगार घेतला की जाब आलाच. आमच्या मते या दोन्ही पक्षांच्या नजरेतून मूळ मुद्दा निसटलेला आहे. तो कोणता, हे ठरविण्यापूर्वी कायदा काय म्हणतो ते पाहणे इष्ट होईल.

१८६० च्या दंडसंहितेच्या ९२ व्या कलमाखाली या विषयाची काही बोलकी उदाहरणे दिली होती. एक मनुष्य घोड्यावरून पडून बेशुद्ध झाला आहे; कवटीस छिद्र पाडणे अवश्य आहे असे शस्त्रवैद्यास दिसते. त्याने रोगी शुद्धीवर येण्याची वाट न पाहता, त्याच्या हितासाठी ती क्रिया केली, तर तो अपराध नव्हे. दुसऱ्या उदाहरणात वाघ एका मनुष्यास ओढून नेत आहे. गोळी त्या मनुष्यासही लागेल हे जाणून कोणी वाघावर नेम धरला आणि त्या मनुष्यास प्राणघातक जखम झाली, तरी नेम धरणारा अपराधी ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३० व्या कलमातही हेच तत्त्व कायम आहे.

परंतु या संरक्षणास एक अट आहे. कृत्य सद्भावपूर्वक झालेले असले पाहिजे. आणि सद्भाव म्हणजे काय, हे कायद्याने व्यवहारातील समजुतीवर सोडलेले नाही. योग्य ती काळजी व अवधान यांवाचून केलेले कृत्य सद्भावाने केले असे मानता येत नाही, अशी त्याची व्याख्या आहे. आपण सद्भाव हा केवळ अंतःकरणाचा गुण समजतो. कायद्याच्या दृष्टीने सावधपणा हा त्याचाच एक घटक आहे.

आता रस्त्यावरील अपघाताकडे वळू. जखमीस उचलणाऱ्या वाटसरूला पोलिसांच्या व कोर्टाच्या फेऱ्यांचे भय वाटत असे, व ते निराधार नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा मदतकर्त्यांच्या रक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालण्यात आले. मोबदल्याची अपेक्षा न धरता स्वेच्छेने मदत करणाऱ्याच्या हातून हयगय झाली, तरीही त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी दावा चालत नाही. रुग्णवाहिकेतील उपचारकास मात्र ही सवलत नाही. हा भेद न्याय्य आहे काय?

आमच्या मते आहे. पण त्याचे खरे कारण पगार हे नव्हे. अपघाताच्या जागी काय घडते ते पाहावे. कोणी रिक्षा थांबवीत असतो, कोणी जखमेवर रुमाल दाबून धरलेला असतो. इतक्यात १०८ ची गाडी येते. रिक्षा परत जाते, रुमालावरचा हात निघतो, आणि गर्दी दोन पावले मागे सरते. उपचारक आला म्हणजे इतर सर्वांची मदत थांबते. ती त्याच्या भरवशावर थांबते. त्याच्या येण्यानेच रोग्याचे दुसरे आधार दूर होतात, म्हणून त्यांची जागा भरून काढण्याचे ऋण त्याच्यावर येते. तो विनावेतन आला असता तरी हे ऋण टळले नसते.

यावर कोणी म्हणेल की, इतका भार घातला तर उपचारक भयाने मागे सरेल. ही शंका क्षुल्लक नाही. कारवाईच्या भयाने काय होते ते १९८९ साली परमानंद कटारा यांच्या अर्जाने सर्वोच्च न्यायालयासमोर आले. अपघातात सापडलेल्या एका स्कूटरस्वारास जवळच्या रुग्णालयाने, पोलिसी प्रकरणे आमच्याकडे घेत नाहीत म्हणून, सुमारे २० किलोमीटर दूर पाठविले. तो वाटेतच वारला. प्राणरक्षण आधी, कायद्याचे सोपस्कार मागाहून, आणि हे बंधन सरकारी व खाजगी अशा प्रत्येक डॉक्टरावर आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला. उलट पक्षी, २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात त्याच न्यायालयाने असेही ठरविले की, वैद्यकीय कामातील साधी चूक हा गुन्हा नव्हे; फौजदारी जबाबदारीसाठी हयगय घोर स्वरूपाचीच असावी लागते. म्हणजे कायदा प्रामाणिक चुकीस तुरुंग दाखवीत नाही; पाठ फिरविणे मात्र तो खपवून घेत नाही.

शिवाय सावधपणा हा प्रसंगाच्या मानाने मोजावयाचा असतो. रस्त्याच्या कडेला, कंदिलाएवढ्या उजेडात, शस्त्रक्रियागृहातील अचूकपणा कोणी मागत नाही. श्वासमार्ग मोकळा आहे की नाही, रक्त कोठून वाहते, मान न हलविता रोगी उचलता येईल काय, हे पाहणे. आपणांस न येणारी क्रिया करून न पाहणे. रोगी शुद्धीवर असेल तर त्यास विचारणे, आणि समजून उमजून दिलेला त्याचा नकार मानणे. जखमी अनेक असतील तर नेपोलियनचा शस्त्रवैद्य लारे याच्याप्रमाणे हुद्दा न पाहता जखमेची निकड पाहणे. आणि रुग्णालयाच्या हवाली करताना, स्वतःच्या हातून काही राहिले असल्यास तेही, खरे सांगणे. यांतील शेवटचे कर्तव्य सर्वांत कठीण आहे. एक औषध दोनदा दिले गेले हे दडविले, तर पुढील डॉक्टर तिसऱ्यांदा देईल. चूक क्षम्य असू शकेल. तिचे लपविणे नव्हे, कारण तेथे सद्भाव उरतच नाही.

मात्र ज्या भरवशाने आपण मागे सरतो, त्याचे ओझे एकट्या उपचारकाने वाहावे हे रास्त नाही. त्यास शिक्षण, विश्रांती आणि पुरेशी साधने न देता त्याच्याकडून सावधपणा मागणारी संस्था त्याच्याइतकीच जबाबदार आहे. आणि आपण? रुग्णवाहिकेस वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, असे २०१९ पासून कायद्यात लिहिलेले आहे. तरीही मागे भोंगा वाजत असता पुढची मोटार तसूभर न सरकविणारे सुशिक्षित गृहस्थ आमच्या शहरांत रोज दिसतात. त्यांचाही हेतू वाईट नसतो. अवधान मात्र नसते. वरील व्याख्या त्यांनी आपणांस एकदा लावून पाहावी.