सारवलेलं अंगण

जानेवारीचा दुसरा आठवडा. वऱ्हाडात कापसाची शेवटची वेचणी चालू होती, तुरी कापून खळ्यावर येत होत्या, आणि एका गावाबाहेरच्या हायस्कूलच्या मैदानावर तीन दिवसांचं स्काऊट-गाईड शिबिर भरलं होतं. सोळा संघ, सव्वाशेच्या आसपास मुलंमुली. प्रत्येक संघाचा एक तंबू. तंबूपुढे बांबू आणि सुतळी बांधून केलेली चपलांची मांडणी, ताटं वाळवायची घडवंची. मागच्या बाजूला दोन खड्डे, एक ओल्या कचऱ्याचा, एक सुक्याचा. शिबिर उठताना दोन्ही बुजवायचे आणि जागा होती तशी करून द्यायची, हा दंडक.

मुलांच्या संघांना प्राण्यापक्ष्यांची नावं, मुलींच्या संघांना फुलांची. बेडन पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडातल्या ब्राऊनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा वीसेक मुलांचे चार गट पाडले होते आणि त्यांना लांडगे, बैल, डोमकावळे अशी नावं दिली होती. बड्या शाळांतली मुलं आणि कामकऱ्यांची मुलं त्यांनी मुद्दाम एकत्र ठेवली आणि प्रत्येक गट एका मोठ्या मुलाच्या हाती सोपवला. मोठ्यानं गट चालवायचा, पण गटातल्या धाकट्याचंही ऐकायचं. संघपद्धतीची सगळी मेख या ऐकण्यात आहे. ते सुटलं की संघनायकाचा मुकादम होतो.

या गोष्टीतला संघ वाघांचा. त्याचा संघनायक नववीत होता. हुशार, चपळ, शिट्टी ऐकली की सगळ्यांच्या आधी रांगेत. तृतीय सोपान पार करून तो राज्य पुरस्काराच्या तयारीला लागला होता. त्याच्या नोंदवहीची पानं आखीव होती, फोटो चिकटवलेले होते, अक्षर मोत्यासारखं होतं. संघातला सगळ्यांत लहान पोरगा सहावीतला. त्याचं हे पहिलंच शिबिर. गणवेश थोरल्या भावाचा, त्यामुळे खांद्याची शिवण दंडावर आलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ध्वजवंदन झाल्यावर शिबिरप्रमुख बाईंनी सगळ्यांना स्कार्फच्या टोकाला गाठ मारायला सांगितली. दिवसभरात एक तरी सत्कृत्य होईपर्यंत ती सोडायची नाही, ही बेडन पॉवेल यांनीच सुचवलेली युक्ती. मग खरी कमाईची कार्डं वाटली गेली. इंग्लंडच्या स्काऊटांनी १९४९ साली ‘एक शिलिंग, एक काम’ असा उपक्रम सुरू केला होता. आपल्याकडची खरी कमाई त्याच जातीची. घरोघर जायचं, पडेल ते काम करायचं, घरधनी खुशीनं देईल ते घ्यायचं, कार्डावर काम आणि रक्कम लिहून सही घ्यायची. महाराष्ट्रातल्या हजारो मुलांच्या हातावर स्वतःच्या कष्टाचा पहिला पैसा याच कार्डामुळे पडला आहे, आणि त्याचं मोल मला फार वाटतं.

वाघ संघाला शाळेजवळची गल्ली मिळाली. गल्लीच्या टोकाला एका म्हातारीचं घर. मातीच्या भिंती, पुढे मोकळं अंगण, कडेला तुरीच्या पेंढ्या रचून ठेवलेल्या. संघनायकानं अंगणावर एक नजर टाकली आणि ठरवून टाकलं. दुपारी बिनभांड्यांच्या स्वयंपाकाची स्पर्धा होती, वेळ कमी होता.

“आजी, आम्ही स्काऊटची मुलं. तुमचं अंगण झाडून देतो.”

म्हातारी दारातच उभी राहिली. काहीतरी बोलणार होती, पण तोवर खराटे हाती आले होते.

धाकट्या पोरानं मात्र खाली वाकून जमिनीला बोट लावलं. बोटाला हिरवट ओल लागली. “दादा, सारवण ओलं हाय अजून.”

“घे, खराटा घे तू. बारा वाजतील अशानं.”

सात खराटे चालले. पहाटे शेणानं सारवलेली जमीन थंडीमुळे वाळली नव्हती. खराट्याच्या काड्यांनी तिचे पापुद्रे निघाले, खालची भुसभुशीत माती वर आली. पोरांना वाटलं कचराच निघतो आहे, म्हणून ती आणखी जोरानं झाडत राहिली. पंधरा मिनिटांत टोपलंभर माती उकिरड्यावर गेली. संघासोबतच्या सरांनी फोटो काढला. आजींनी पदराची गाठ सोडली, दहाचं नाणं काढून संघनायकाच्या हातावर ठेवलं आणि कार्डावर अंगठा उठवला. संघनायकानं तिथेच स्कार्फची गाठ सोडली. इतरांनीही सोडल्या.

दुपारची स्पर्धा वाघ संघानं मारली. बिनभांड्यांचा स्वयंपाक म्हणजे तवा नाही, पातेलं नाही, परात नाही. कणिक मळायची ती धुतलेल्या केळीच्या पानावर. काही संघांनी काठीला कणकेची वळी गुंडाळून विस्तवावर धरली, ती बाहेरून करपली आणि आत कच्ची राहिली. कुणी अंड्याला चिखल थापून निखाऱ्यात पुरलं. वाघ संघानं पानगे केले. कणकेत मीठ, ओवा, तेलाचं मोहन. पानगा जाडसर थापायचा, वर-खाली पळसाचं पान लावायचं आणि गोवऱ्यांच्या विस्तवात सारायचा. घाई करायची नाही. पान जळून काळं पडलं की काठीनं ओढून काढायचं. मग ते पान सोलताना पानग्याच्या खरपूस पाठीवर पळसाची शीर न् शीर उमटलेली दिसते. सोबत निखाऱ्यात भाजलेल्या वांग्याचं भरीत, दगडावर रगडलेली हिरवी मिरची आणि लसूण. परीक्षकांनी विचारलं, “कणिक कोणी मळली?” सगळ्यांनी धाकट्याकडे बोट दाखवलं. त्याच्या आईच्या हाताखाली तो हे शिकला होता. शिबिरातलं जेवण मुलाला नुसतं पोटभर मिळून भागत नाही. घरी जे काम आई-बहिणीचं म्हणून सोडून दिलेलं असतं, ते इथे मुलगे करतात, आणि ज्याला येतं त्याला मान मिळतो. शिबिराच्या खर्चाचा हिशेब मागणाऱ्यांनी हेही जमेला धरावं.

रात्री शेकोटीभोवती एकेका संघनायकानं दिवसाचा अहवाल वाचला. “वाघ संघाने एका निराधार आजींच्या अंगणाची स्वच्छता केली. खरी कमाई रुपये दहा.” टाळ्या पडल्या. आजींना निराधार कोणी ठरवलं, हे कोणी विचारलं नाही.

शेकोटी विझवून मुलं तंबूंकडे निघाली, तेव्हा शिबिरप्रमुख बाईंना धाकट्याच्या स्कार्फची गाठ तशीच दिसली.

“तुझी गाठ राहिली रे. आज तर अख्ख्या संघानं काम केलं ना?”

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, “बाई, ते सारवलेलं होतं.”

बाई गावाकडच्याच. पुढचं काही सांगावं लागलं नाही. त्यांनी संघनायकाला तंबूतून बोलावून झाडलं नाही, सरांनाही चारचौघांत विचारलं नाही. एवढंच केलं, की सकाळी शिबिरासाठी दूध आणायचं काम वाघ संघाकडे दिलं. संघनायकाला आणि धाकट्याला म्हणाल्या, “तुम्ही दोघं जा. आणि येताना आजींच्या घरावरून या.”

पहाटे किटल्या घेऊन दोघं त्या गल्लीत शिरले तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. आजी अंगणात उकिडव्या बसल्या होत्या. शेजारी शेणाचं घमेलं. एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हातानं अर्धवर्तुळ काढत त्या मागे मागे सरकत होत्या. प्रत्येक फेऱ्याला थांबून दम घेत होत्या.

“आजी, कालच तर आम्ही झाडलं होतं,” संघनायक म्हणाला.

“हाव ना बापू. म्हणून तं सारवा लागते. तूर बडवाची हाय. कच्च्या मातीत बडवली तं दाण्यात खडे येते.”

तो पेंढ्यांकडे बघत राहिला. त्या कालही तिथेच होत्या. काल पहाटे अंगण सारवलं होतं ते कशासाठी, काल खराट्याखाली निघालेले पापुद्रे कशाचे, धाकटा वाकून बोट कशाला लावत होता, हे सगळं त्याला एकदमच कळलं. त्याचा चेहरा उतरला.

“मग काल काऊन नाही सांगतलं, आजी?”

“तुमी इचारलं कोठी?” आजींच्या आवाजात राग नव्हता. “लेकरं हौसेनं आले, म्या म्हटलं काऊन मोडता घाला.”

संघनायकानं किटली खाली ठेवली. “सांगा, आता काय करू?”

“सारवता येते काय तुले?”

“नाही.”

“मंग पानी आन.”

हापशीवरून पाच बादल्या पाणी त्यानं आणलं. धाकट्यानं बाह्या वर करून शेण आणि माती कालवली, गुठळ्या फोडल्या आणि आजींच्या शेजारी बसून हात फिरवायला लागला. त्याचा हात बसलेला होता. थोड्या वेळानं संघनायकही बसला. त्याचे पट्टे जाड-बारीक येत होते. आजींनी त्याचं मनगट धरून दोन-चार फेरे काढून दाखवले.

निघताना त्यानं खिशातलं दहाचं नाणं पुढे केलं. आजींनी ते त्याच्याच मुठीत परत दाबलं. “राहू दे. कालचे नव्हते ते. आजचे हायेत.”

दूध शिबिरात पाऊण तास उशिरा पोचलं. सव्वाशे मुलं चहाविना व्यायामाला उभी राहिली आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सरांनी दोघांना चांगलंच सुनावलं. ते बरोबरच होतं. त्या सकाळी तंबूंची तपासणी झाली, तेव्हा वाघ संघाच्या पांघरुणांच्या वळकट्या बांधलेल्या नव्हत्या, संघनायकाच्या नखांत शेण होतं. गुण गेले. समारोपाची ढाल मोर संघानं उचलली. बाईंना कारण माहीत होतं, तरी त्यांनी गुणपत्रकावर एक आकडाही बदलला नाही. मला त्यांचं हे वागणं फार पटतं. केलेल्या भरपाईबद्दल गुण दिले असते, तर पोरांनी पुढच्या शिबिरात त्याचाही फोटो काढला असता.

समारोपाआधी संघनायकानं आदल्या दिवसाचा अहवाल दुरुस्त करायची परवानगी मागितली. सगळ्यांसमोर त्यानं वाचलं: “काल आम्ही आजींचं सारवलेलं अंगण न विचारता खराट्यानं उकरलं. आमच्या संघातल्या सर्वांत लहान स्काऊटनं सांगूनही मी ऐकलं नाही. आज पहाटे ते त्यानं आणि मी पुन्हा सारवून दिलं.” टाळ्या कुठे वाजवायच्या हे मुलांना कळेना. धाकट्यानं मात्र खाली बघत स्कार्फची गाठ सोडली.

पुढच्या वर्षीपासून बाईंनी आपल्या शिबिराच्या वेळापत्रकात एक बदल केला. सेवेच्या दिवशी पहिला एक तास कोणीही खराटा, फावडं, घमेलं घेऊन बाहेर पडायचं नाही. दोघादोघांनी नुसतं जायचं, ओट्यावर बसायचं, घरच्यांना काय हवं ते विचारायचं आणि परत येऊन आपल्या संघात सांगायचं. पहिल्यांदा सांगायचं ते संघातल्या सगळ्यांत लहानानं. कामं त्यानंतर ठरतात. निघालेली कामं बहुतेक वेळा फोटोत न मावणारी असतात: सुईत दोरा ओवून देणे, रेशनच्या कागदावरचं वाचून दाखवणे, चुकलेली शेळी शोधून आणणे, पंपाच्या स्टार्टरपर्यंत सोबतीला जाणे.

७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था उभी राहिली, तेव्हापासून आपल्या शाळांतून ही शिबिरं भरत आली आहेत आणि भरत राहावीत. स्काऊट मास्तरांना आणि गाईड कॅप्टनांना माझी एवढीच विनंती आहे: येत्या हिवाळ्यातल्या शिबिराचं वेळापत्रक आखायला बसाल तेव्हा विचारपुशीचा हा एक तास त्यात घाला, आणि खरी कमाईच्या कार्डावर ‘काम कोणी सांगितलं?’ असा आणखी एक रकाना हातानं आखून घ्या.