शीव कोणी आखावी?

शीव म्हणजे हद्द. मी ज्या वस्तीत राहतो आणि शिकवतो तिचे हे नाव उगाच पडलेले नाही. मुंबईचे बेट येथे संपत असे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होत असे. सतराव्या शतकात ऑन्जियरच्या कारकिर्दीत इंग्रजांनी टेकडीवर किल्ला बांधला, तो पलीकडच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यासाठी. पुढे १७३७ साली मराठ्यांनी साष्टीत पाऊल रोवले, १७७४ साली ती इंग्रजांच्या हाती गेली, आणि दोन्ही तीरांवर धनी एकच झाल्यावर पहारा करायचा कोणावर? हद्द गेली, नाव तेवढे राहिले. आता किल्ल्याच्या बुरुजावर शाळा चुकवलेली मुले बसतात आणि मला पाहताच उतरतात.

हे सारे आठवायला एक कपाट कारण झाले. आमच्या शाळेत अकरा लॅपटॉप पडून होते. एका कचेरीने वापरून झाल्यावर ते शाळेला दिले. आम्ही चार वर्षे वापरले आणि मग ते इतके मंद झाले की सुरू होईपर्यंत तास संपे. शाळेत येणारी प्रत्येक टिकाऊ वस्तू ज्या वहीत चढते तिला सरकारी मराठीत जडवस्तुसंग्रह नोंदवही म्हणतात, आणि शिक्षकांच्या बोलीत डेडस्टॉक. नवी घंटा असो की नवे बाक, दाखल होण्याच्या दिवशीच त्याची गणना मृतांत व्हायची! तर त्या वहीच्या शेवटच्या रकान्यात ‘निरुपयोगी, निर्लेखन व्हावे’ असा शेरा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शब्दांवर माझा विश्वास पदवीधरांहून थोडा जास्तच आहे. निरुपयोगी म्हणजे कोणाला निरुपयोगी, आणि ते ठरवले कोणी, याचे उत्तर मिळेपर्यंत शेरा लिहवेना.

शीव स्थानकाजवळचा जुना पूल १ ऑगस्ट २०२४ रोजी वाहनांना बंद झाला. त्याने शंभरी केव्हाच ओलांडली होती. परंतु वयाकडे बोट दाखवून कोणी तो बंद केला नाही. तज्ज्ञांनी तो तपासला, धोका असल्याचे सांगितले. शिवाय नव्या रुळांना जागाही हवी होती. त्या निर्णयामुळे आमचे हाल झाले, पण त्यामागचे कारण कोणालाही विचारता येत होते. आता संगणकाचे पाहा. विंडोज सातची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, विंडोज दहाची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्या दिवशी जगातल्या एकाही यंत्राचा पंखा थांबला नाही की एकही कळ झिजली नाही. दूरच्या एका कंपनीने कॅलेंडरावर रेघ ओढली, आणि रेघेअलीकडची चालती यंत्रे पलीकडे म्हातारी झाली. नव्या विंडोज अकराला किमान ४ जीबी मेमरी आणि सुरक्षेची एक विशिष्ट चिप लागते; ज्याच्याजवळ ती नाही त्याने दार ठोठावू नये.

कंपनीचीही बाजू आहे. जुन्या प्रणालीतली छिद्रे जन्मभर बुजवत बसणे कोणालाही परवडणार नाही, आणि न बुजवलेली प्रणाली घेऊन इंटरनेटवर जाणे म्हणजे दार उघडे टाकून गावाला जाणे. तेव्हा तिने हात वर केले याचा मला राग नाही. तिने हात वर केले म्हणून यंत्र मेले, असे आपण मुकाट्याने मानतो, याचे मात्र नवल वाटते.

१९९१ साली हेलसिंकीतील लिनस टॉर्व्हल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणकप्रणालीचा एक गाभा लिहायला घेतला आणि जगापुढे मोकळा ठेवला. हजारोंच्या हातांनी वाढलेल्या त्या लिनक्सची आज अनेक रूपे आहेत. त्यांतली लुबुंटू, अँटिएक्स यांसारखी काही मुद्दाम सडपातळ ठेवलेली. मेमरी म्हणजे कामाचे मेज समजा. जड प्रणाली स्वतःच मेजावर पसरून बसते आणि वही ठेवायला जागा उरत नाही. अँटिएक्स दोन-तीनशे एमबीत अंग चोरून बसते. आमच्या लॅपटॉपांत २ जीबी मेमरी होती, म्हणजे मेज बरेचसे मोकळे. एका पेनड्राइव्हवर ही प्रणाली उतरवून घ्यायची, यंत्र त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचे, जुन्याला हात न लावता चालवून पाहायचे, आणि पटले तर आत कायमची बसवायची. एका पैशाचा खर्च नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर नववीची काही मुले घेऊन बसलो. फुगलेल्या दोन बॅटऱ्यांना मी मुलांना हात लावू दिला नाही, त्या पेटतात. पंख्यांतून धुळीच्या गाद्या निघाल्या. प्रणाली बसली तरी एका यंत्रावर एकही संकेतस्थळ उघडेना. एका मुलीच्या ध्यानात आले की त्याचे घड्याळ २००९ सालात आहे. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली होती, आणि संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे त्या यंत्राच्या लेखी अजून जन्मलीच नव्हती. बॅटरी बदलली, यंत्र आजच्या दिवसात आले. गीतेत आत्मा जीर्ण वस्त्र टाकून नवे घेतो. येथे वस्त्र जुनेच राहिले आणि आतला जीव बदलला. मग हा तोच लॅपटॉप म्हणायचा का, असे मी विचारले. ती मुलगी म्हणाली, “सर, ओरखडा तोच आहे.” तत्त्वज्ञानाची पुस्तके लिहिणाऱ्यांनी विचार करावा असे हे उत्तर आहे.

अकरांपैकी सात चालू झाले. लिहिणे, चित्रे काढणे, भूमितीच्या आकृत्या, इनस्क्रिप्टच्या कळांनी मराठी, हे सारे चालते. चलच्चित्रांनी भरलेले एखादे संकेतस्थळ उघडले की मात्र धाप लागते; प्रणाली सडपातळ झाली तरी बाहेरचे जग जाडच होत चालले आहे.

मला वाटले होते, आता शेरा लिहिण्याचे काही कारण उरले नाही. पण त्या मुलीचे वडील भेटायला आले. ते धारावीत तेरा कंपाउंडला प्लास्टिक निवडण्याचे काम करतात. बोलणे आर्जवाचे, पण प्रश्न तसा नव्हता. “सर, असली डबडी मी दिवसभर फोडतो. माझ्या पोरीलाही तुम्ही तेच देणार? मोठ्या शाळांतल्या पोरांना नवं आणि आमच्यांना त्यांचं उतरलेलं, असं का?”

या प्रश्नाला बगल देऊन काटकसरीवर आणि पर्यावरणावर बोलणे सोपे होते. लॅपटॉप जन्माला येतानाच त्याच्या वाट्याचे बहुतांश प्रदूषण करून बसतो, तेव्हा तो जितका अधिक वापरावा तितके बरे, हे खरेच आहे. पण ते खरे दादरच्या आणि मलबार हिलच्या मुलांनाही तितकेच लागू आहे. संयमाचा उपदेश नेहमी ज्याच्याजवळ कमी आहे त्यालाच का करायचा? जुने कपडे मोलकरणीला देताना आपण जो चेहरा करतो, तो शाळेला जुने संगणक देतानाही करतो. टाकण्याला दान म्हणायची ही सोय मला आवडत नाही.

तरीही मी त्यांच्याशी पूर्ण सहमत झालो नाही. कर्जतजवळच्या खैरात नावाच्या वाडीत २००७ साली एका एकशिक्षकी शाळेतल्या बावीसेक मुलांना ‘एक मूल, एक लॅपटॉप’ योजनेतली छोटी यंत्रे मिळाली. आदल्याच वर्षी केंद्राच्या शिक्षण खात्याने ही योजना नाकारली होती. ती यंत्रे कोरी होती, आणि त्यांत २५६ एमबी मेमरी होती. आमच्या ‘निरुपयोगी’ यंत्रांत तिच्या आठपट आहे. आत लिनक्सच. पण मला कौतुक वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. त्यांच्या मुठीत जादा स्क्रू दडवून ठेवलेले असत, आणि चालू कार्यक्रम आतून कसा लिहिला आहे ते पाहण्यासाठी एक खास कळ होती. म्हणजे घडवणाऱ्याने मुलाला सांगून ठेवले होते की हे तुझे आहे, उघड. पुढे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील संशोधकांनी खैरातला जाऊन मुलांचा अभ्यास केला. याच योजनेची पेरू देशातल्या ३१९ शाळांत पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २०१२ साली आला: यंत्रे पोचली, गणित आणि भाषेचे गुण वाढले नाहीत. मला त्याचे आश्चर्य वाटत नाही. फळा बदलल्याने गणित आले असते तर आम्हा मास्तरांची गरजच काय होती?

तेव्हा नवे की जुने हा प्रश्न मला दुय्यम वाटू लागला. ‘एवढे पुरे’ हे कोण म्हणतो, हा खरा प्रश्न. कंपनी म्हणते, एवढे वर्षे पुरे. देणारा म्हणतो, तुम्हाला एवढे पुरे. दोघेही त्या यंत्रापुढे बसणार नाहीत. त्या वडिलांचा राग जुनेपणावर नव्हता. त्यांच्या मुलीची हद्द दुसऱ्याने परस्पर आखली होती, त्यावर होता. मी त्यांना म्हटले, “मुलीलाच ठरवू दे. तिने उघडून पाहिले आहे, तुम्ही-मी नाही.” ते हसले, पण पटल्याचे काही बोलले नाहीत.

पुढच्या शनिवारी वही मी मुलांपुढे ठेवली. दोन लॅपटॉपांसमोर त्यांनी लिहिले, ‘पडदा फुटला, दुरुस्ती परवडत नाही, ई-कचरा केंद्राकडे द्यावा.’ दोघांसमोर, ‘सुट्या भागांसाठी ठेवावा.’ सातांसमोर, ‘चालू.’ खाली त्या मुलीने माझ्या परवानगीवाचून एक ओळ जोडली: ‘चाळीस मुलांना सात पुरत नाहीत, व्हिडिओ अडकतात, सहा नवे हवेत.’ डेडस्टॉकच्या वहीत मागणी लिहायला रकाना नसतो. मुख्याध्यापकांनी ती ओळ खोडायला सांगितली. मी ती वेगळ्या कागदावर उतरवून, वर ‘विनंती अर्ज’ असे लिहून व्यवस्थापनाकडे पाठवली. वहीतली ओळ खोडलेली नाही. अर्जाचे उत्तर दिवाळीच्या सुटीपर्यंत आले नव्हते, आणि सुटी लागण्याआधी ती मुलगी दोनदा चौकशी करून गेली.