घोडे गेले, गोदामं आली

ठाण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलं की माजिवड्यापासून सुमारे चोवीस किलोमीटरवर वडपे येतं. या पट्ट्याचं आठपदरीकरण हाती घेतलेलं आहे. जवळच आमणे इथे समृद्धी महामार्ग येऊन टेकतो. 5 जून 2025 रोजी त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपासूनचा 701 किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना निळ्या-पांढऱ्या पत्र्यांची गोदामं आणि त्यांच्यासमोर कंटेनरच्या रांगा. मुंबईकराच्या दारात येणारं पार्सल बहुधा याच भिवंडी तालुक्यातल्या कुठल्या तरी छपराखालून आलेलं असतं. क्रिकेटमधली परंपरा आणि आधुनिकता हा विषय लॉर्ड्सच्या गॅलरीतून एक दिसतो, वडप्याच्या नाक्यावरून मात्र वेगळाच.

गॅलरीतला वाद ओळखीचा आहे. पाच दिवसांचं क्रिकेट खरं की वीस षटकांचं? पांढरे कपडे गेले, रंगीत आले. आयपीएलने 2023 मध्ये ‘इम्पॅक्ट प्लेअर’ आणला तेव्हा अकरा खेळाडूंचा खेळ बाराचा झाला, म्हणून जाणकारांनी कपाळाला हात लावला. पंचाच्या निर्णयाला आव्हान देणं हा एकेकाळी असभ्यपणा होता, आता तो हक्क आहे. या तक्रारींत तथ्य नाही असं नाही. पण हा वाद पोट भरलेल्यांचा आहे, असं मला दिवसेंदिवस वाटू लागलं आहे.

कारण नियम नेहमीच बदलत आले. खांद्यावरून चेंडू टाकायला क्रिकेटच्या कायद्याने 1864 मध्ये परवानगी दिली. त्याआधी तसं टाकणं हीच बेशिस्त होती. इंग्लंडमध्ये 1910 पर्यंत चेंडू टप्पा न पडता सीमेपलीकडे गेला तरी षटकार मिळत नसे, त्यासाठी तो मैदानाच्या बाहेर धाडावा लागे. म्हणजे आज ज्याला आपण ‘अस्सल’ म्हणतो, ते कधीतरी कोणाला तरी नाटकी वाटलेलं होतं. गंमत अशी, की जगाने दीडशे वर्षांपूर्वी टाकून दिलेली अंडरआर्म गोलंदाजी मुंबई-ठाण्याच्या चाळींत आणि बॉक्सच्या स्पर्धांत अजून ठणठणीत आहे. तिथे ती परंपरा म्हणून टिकलेली नाही. जागा अरुंद आणि खिडक्यांच्या काचा महाग, म्हणून टिकली. वन टप आऊट, डायरेक्ट गेला तर आऊट, ट्राय बॉल, दोन्ही बाजूंनी खेळणारा कॉमन, लहानग्यासाठी कच्चा लिंबू हे सगळे नियम कोणत्याही समितीने केले नाहीत. जागा केवढी, पोरं किती आणि अंधार पडायला वेळ किती, एवढं पाहून खेळणाऱ्यांनीच ते केले, आणि दुसऱ्या दिवशी बदललेही.

भिवंडी, शहापूर, कल्याणकडच्या गावांतलं टेनिस क्रिकेट याच कुळातलं. भाताची कापणी-झोडणी उरकली की शेत रिकामं होतं. ज्याचं शेत धरायचं, त्याने त्या वर्षी तिथे वाल पेरायचा नाही, हे बोलीवर ठरतं. पोरं धसकटं उपटतात, मधले बांध फोडून जमीन एकसारखी करतात. खेळपट्टीपुरती माती टाकतात, पाणी मारून, धुमसून ती टणक करतात. मग फक्कीची गोल रेघ. शेवटचा बांध तेवढा राखायचा, कारण प्रेक्षक त्यावरच बसणार. स्पर्धेच्या दिवशी शेतमालकाला मानाचा नारळ, एका कडेला मांडव, बांबूला बांधलेला स्पीकर आणि त्यावर दिवसभर न दमता बोलणारा समालोचक. त्याच्या तोंडी पायचीत, त्रिफळा, षटकार हे शब्द आणि आगरी बोलीतली थट्टा एकाच दमात. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत समालोचन घरोघरी नेलं, त्याचे वारस कोण, असं मला कोणी विचारलं तर मी दूरदर्शन संचाकडे नाही, या मांडवाकडे बोट दाखवीन.

यात परंपरा कोणती आणि आधुनिक काय? टेनिसचा चेंडू हीच मुळात तडजोड. सीझन बॉल, पॅड, ग्लोव्हज परवडत नाहीत म्हणून ती आली, आणि तिच्यामुळेच खेळ गावात शिरला. आता तिचं स्वतःचं तंत्र आहे, मागून खोबणी काढलेल्या हलक्या बॅटी आहेत, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण आहे. मार्च 2024 मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग भरली. संघांचे मालक चित्रपट तारे, सामने दहा-दहा षटकांचे. आणि नाणेफेकीच्या जागी त्यांनी काय आणलं? पावलाला पाऊल लावत जायचं ते टिप-टॉप! गल्लीतल्या पोरांकडे नाणं नसायचं, म्हणून जे सुरू झालं, ते कोट्यवधींच्या स्पर्धेत ‘नवीन’ म्हणून मिरवलं गेलं. मला त्याचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. उसनवारी दोन्हीकडून चालावी.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी एकदा पळवणकर बाळूची कहाणी आठवावी. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा हा डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात त्याच्या चेंडूवर झेल घ्यायला सवर्ण सहकाऱ्यांची ना नव्हती, चहा मात्र त्याला मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही. ते त्याच्या भावाला, विठ्ठलला, 1923 मध्ये मिळालं. आणि सभ्य गृहस्थांच्या खेळाचं म्हणाल, तर डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर 443 धावांवर नाबाद असताना, ब्रॅडमनचा 452 चा विक्रम हाकेच्या अंतरावर असताना, काठियावाडचा संघ कर्णधार राजकोटच्या ठाकोरसाहेबांसह सामना सोडून निघून गेला. कपडे पांढरेशुभ्रच होते.

तेव्हा बदलाला माझी हरकत नाही. एवढंच पाहावं, की बदलामुळे खेळणारे हात वाढतात की कमी होतात. टेनिस बॉलने ते वाढवले. गावोगावच्या ‘प्रीमियर लीग’मधल्या बोलीबद्दल मात्र माझं मन कचरतं. पूर्वी स्पर्धेच्या पत्रकावर ‘एक गाव, एक संघ’ ही अट असे. संघ हरला तर गाव हरलं, आणि दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेलेल्या माणसाला टोमणे ऐकावे लागत. आता पुरस्कर्त्याच्या नावाचा संघ येतो आणि दोन-तीन जिल्ह्यांतून आणलेले तयार खेळाडू घेऊन येतो. टेनिस क्रिकेटवर काही पोरांचं घर चालतं, ही चांगलीच गोष्ट. पण त्या संघात गावातला नवव्या क्रमांकाचा फलंदाज बसत नाही. तो बांधावर बसून मोबाइलवर चित्रण करतो. आणि मुली तर पहिल्यापासून बांधावरच. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत, या तालुक्यापासून तासा-दीड तासावर, हरमनप्रीत कौरच्या संघाने विश्वचषक जिंकला. आपल्या गावच्या शेतात मात्र मुलींची स्पर्धा अजून विरळाच. ही परंपरा मोडली तर कोणाचंही काही बिघडणार नाही.

पण या सगळ्या वादांना जी जमीन लागते, तीच उरली नाही तर? मुंबईतल्या देशी क्रिकेटची पहिली मोठी लढाई नियमांवरून झालेली नाही, जमिनीवरूनच झाली. 1880 च्या सुमारास एस्प्लनेड मैदानावर पारशी आणि हिंदू पोरं खेळत. गोऱ्यांच्या जिमखान्याची जागा राखीव होती, तरी त्यांचे पोलोचे घोडे देशी पोरांच्या खेळपट्ट्या तुडवत. 1881 मध्ये शेकडो देशी खेळाडूंनी सह्या करून सरकारकडे अर्ज केला. निकाल कधी इकडे झुकला, कधी तिकडे, वाद वर्षानुवर्षं चालला. शापूरजी सोराबजी यांनी त्या लढ्याची हकिगत 1897 मध्ये पुस्तकरूपाने छापली. पुढे समुद्रकाठचे भूखंड पारशी, मुस्लिम, हिंदू जिमखान्यांना मिळाले. त्यांची धार्मिक विभागणी वाईटच होती. पण आज मरीन लाइन्सला खेळता येतं ते त्या अर्जदारांच्या हट्टामुळे.

वडप्यापासून फार दूर नसलेल्या कल्याणमध्ये जानेवारी 2016 मध्ये प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद 1009 धावा केल्या. मैदान लहान होतं, समोरचा संघ कच्चा होता, अशी कुजबुज झाली, आणि ती सगळीच खोटी नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्रीय मंत्र्यांच्या हेलिकॉप्टरसाठी कल्याणचं सुभाष मैदान मोकळं करायचं होतं. सराव करत असलेल्या प्रणवने हरकत घेतली, तेव्हा त्याला पोलीस ठाण्यात नेण्यात आलं. दीडशे वर्षांत वाहनं तेवढी बदलली. आधी घोडे, मग हेलिकॉप्टर, आता कंटेनर.

गोदामाला जमीन देणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे, मी तो देणार नाही. भाताच्या एका पिकावर घर चालत नाही आणि गोदामाचं भाडं महिन्याच्या महिन्याला येतं. त्याने क्रिकेटसाठी तोट्यात का राहावं? दोष आहे तो नियोजनाचा. कंटेनरला वळायला किती फूट लागतात, याचा हिशेब नकाशावर बारकाईने होतो. पोरांना धावायला किती जागा लागते, याचा क्वचितच. गावचं मैदान आजवर कागदावर कधी नव्हतंच. ते कोणाच्या तरी शेतात, त्याच्या भलेपणावर, दिवाळी ते वैशाख एवढंच नांदत होतं. ज्याची नोंद नाही ते हरवलं, तरी हरवल्याची नोंदही होत नाही.

त्याच्या जागी टर्फ आलं आहे. चारही बाजूंना जाळी, हिरवा प्लॅस्टिकचा गालिचा, दिव्यांचा लखलखाट, तासाचं भाडं. तिथे खेळायला मजा येते, नाही कशाला म्हणू? पण तास संपला की शिट्टी वाजते आणि पुढच्या गटाला जागा द्यावी लागते. भाडं वर्गणीने भरायचं, म्हणून ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला हळूच वगळलं जातं. जाळीतल्या खेळात उंच झेल नाही, सीमारेषेवरची धाव नाही. कच्चा लिंबूही नाही, कारण भाड्याच्या तासात लहानग्याला फुकटची बॅटिंग कोण देणार? क्रिकेटच्या आधुनिकीकरणात काही गेलं असेल तर ते हे. पांढरे कपडे नव्हेत.

उपाय अवघड नाही, कंटाळवाणा आहे. भिवंडीभोवतीच्या साठ गावांचं नियोजन एमएमआरडीएकडे आहे आणि विकास आराखड्यात क्रीडांगणाचं आरक्षण टाकता येतं. जिथे गुरचरण शिल्लक आहे तिथे त्यातला तुकडा मागता येतो. स्पर्धेची वर्गणी, चषक, मालिकावीराची मोटारसायकल यांसाठी मंडळं जेवढी धावपळ करतात, तिच्या निम्मी इथे पुरेल. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर हे ग्रामसभेचे ठरलेले दिवस. तिथे मंडळाच्या पोरांनी, आणि मुलींनीही, लेखी अर्ज द्यावा. गावच्या मैदानाचा सर्व्हे नंबर कोणता, एवढंच विचारावं. नसेल तर ठराव मागावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर येईपर्यंत तलाठी कार्यालयाचा पिच्छा सोडू नये.