अमानत

दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चारचौघांत सांगावी का?

ईव्ह एन्स्लर या अमेरिकन लेखिकेने (आता त्या ‘व्ही’ एवढेच नाव लावतात) दोनशेहून अधिक स्त्रियांशी बोलून १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये ‘द व्हजायना मोनोलॉग्ज’ हे नाटक सादर केले. मराठीत वंदना खरे यांनी ते ‘योनीच्या मनीच्या गुजगोष्टी’ या नावाने आणले. हे नाव स्टाफरूममध्ये मोठ्याने घेण्याची माझी आजही हिंमत नाही. पण या नाटकातले एक स्वगत बोस्नियातील स्त्रियांच्या मुलाखतींवर बेतलेले आहे. १९९२ ते १९९५ च्या युद्धात तिथल्या मुस्लिम स्त्रियांवर ठरवून बलात्कार झाले. त्याबद्दल कुणी बोललेच नसते, तर हया कुणाची राखली गेली असती? त्या स्त्रियांची, की जालिमांची?

आपल्याला लहानपणापासून शिकवतात की विश्वासाने सांगितलेले बोलणे ही अमानत आहे. ते खरेच आहे. पण सूरह निसामध्ये मजलूमाला वाईट गोष्ट उघड बोलण्याची मुभाही दिली आहे. सूरह मुजादलाची सुरुवात तर एका स्त्रीच्या तक्रारीनेच होते. नवऱ्याने तिला ‘तू मला आईच्या पाठीसारखी’ म्हणून अधांतरी सोडले होते. ती हुजूर (स.) यांच्याकडे गेली, हुज्जत घातली, आणि अल्लाहने तिचे ऐकले. नवरा-बायकोमधली ही बाब आज आपण नमाजमध्ये तिलावत करतो. मात्र आयतीत तिचे नाव नाही. हजरत खौला (रजि.) हे नाव आपल्याला तफसीरमधून कळते.

हे मला ठाऊक होते, तरी मी चुकले. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने शाळा सुटल्यावर मला घरातला त्रास सांगितला. पुढे मोहल्ल्यातल्या महिला मेळाव्यात मी तो भाषणात सांगितला. हेतू चांगला होता आणि नाव मी घेतले नव्हते. पण तिची एक खूण बोलून गेले. संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीने तिला ओळखले. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, “टीचर, मैंने तो आपसे कहा था.” त्या वर्षी प्रगतिपत्रक न्यायला ती आली नाही, सासूला पाठवले.

नाव झाकले की पडदा झाला, असे मला वाटले होते. छोट्या वस्तीत नावापेक्षा खूण जास्त बोलते. शिवाय हजरत खौला स्वतःहून गेल्या होत्या. एन्स्लर यांच्याशी बोलणाऱ्या स्त्रियांना आपण एका लेखिकेशी बोलत आहोत हे ठाऊक होते. माझ्या विद्यार्थिनीच्या आईला मी काहीच विचारले नव्हते. जुल्म सांगणे ही खयानत नाही. जिचा जुल्म, तिला न विचारता सांगणे ही खयानत आहे.

हा लेख लिहिण्याआधी मी तिच्या घरी गेले. चहा झाला, बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “लिखो. बस, वो बात मत लिखना.”

ती खूण मी लिहिलेली नाही.