व्यसनत्याग आणि नित्याचार

महानुभाव पंथात उपदेश घेणाऱ्या वासनिकाला सप्त व्यसनांचा त्याग सांगितला जातो. त्या सातांत तंबाखूचे नाव नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या काळी, म्हणजे तेराव्या शतकात, ही वनस्पती या देशात नव्हतीच. ती पुढे पोर्तुगीजांबरोबर आली. एवढ्यावरून नागपूरकडील काही उपदेशी मंडळी खर्ऱ्याला व्यसन मानीत नाहीत. परंतु व्यसन हे वस्तूच्या नावावरून ठरत नाही. जिच्यावाचून जीवाला चैन पडत नाही आणि जी परमेश्वरस्मरणाच्या आड येते, तिचा छंद हे व्यसनच होय. भाजलेली सुपारी, तंबाखू व चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा तोंडात असेतो नामाचा उच्चारही धड होत नाही. सुपारीमुळे तोंडाची आतील त्वचा आखडते, पुढे तोंड उघडेनासे होते. कर्करोगाचे भय वेगळेच. 2012 साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, तरी पानठेल्यावरील खर्रा सुटला नाही. बाहेरच्या नियमाला आतल्या आचाराची जोड लागते, ती अशी.

आता व्यसन एकदम टाकावे की क्रमाने, हा प्रश्न उरतो. एकदम टाकावे म्हणणारे लीळाचरित्राकडे बोट दाखवतात. हरिपाळदेव द्यूतात हरले, पत्नीकडे अलंकार मागितले, तिने ते दिले नाहीत. तेव्हा उदास होऊन रामयात्रेच्या निमित्ताने त्यांनी घर व राज्य सोडले. ते रामटेक नागपूरहून अवघ्या 50 किलोमीटरांच्या आसपास आहे, म्हणून ही लीळा येथील श्रोत्यांना विशेष जवळची वाटते. परंतु ती परमेश्वराची लीळा आहे. परमेश्वराने केले ते जीवाने करावयाचे नसून, त्याने सांगितले ते करावयाचे असते. जीव अनादि अविद्येने बांधलेला आहे. त्याला निरूपिलेले स्मरण, भिक्षा, अटन, विजन हे विधी एकदा करून संपणारे नाहीत, ते नित्य आचरावयाचे आहेत. जी सवय रोजच्या आवृत्तीने जडली, ती रोजच्या आवृत्तीनेच उलटते.

याचा अर्थ क्रमवाद्यांचे सगळेच खरे, असाही नव्हे. ‘हळूहळू सोडतो’ हे वाक्य पुष्कळांच्या तोंडी व्यसनाचे कवच होऊन बसते. म्हणून निर्णय असा : त्यागाचा संकल्प पहिल्याच दिवशी पूर्ण असावा, अखेरची तिथीही ठरलेली असावी; क्रम असावा तो केवळ आचरणात. ज्याला एकदम सोडणे साधते त्याने एकदमच सोडावे. ज्याला साधत नाही त्याने आरंभ प्रातःकाळापासून करावा. मुखमार्जनानंतर मुखात पहिले नाम यावे, देवपूजा होईपर्यंत खर्ऱ्याला स्पर्श नसावा. दुसऱ्या आठवड्यात पुडी खिशात बाळगणे बंद करावे. नंतर ज्या वाटेवर नेहमीचा ठेला आहे ती वाट टाळावी. तलफ आली की त्याच क्षणी स्मरणास बसावे. तलफेचा जोर बहुधा काही मिनिटांत ओसरतो. पूर्ण त्यागानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत कठीण जातात, पुढे काही आठवड्यांत शरीराची ओढ मंदावते. मद्याची गोष्ट मात्र निराळी. दीर्घकाळ व अतिशय पिणाऱ्याने ते वैद्यकीय देखरेखीतच सोडावे, कारण त्यात प्रसंगी प्राणावर बेतते.

मध्ये कधी च्युती झालीच, तर अनुताप करावा, गुरूंजवळ सांगावे आणि त्याच दिवशी नियम पुन्हा धरावा. एकदा चुकलो म्हणजे सगळेच गेले, ही निराशा मूळ दोषाहून अधिक घातक ठरते. सत्संगातील इतरांचेही येथे कर्तव्य आहे. चार पुड्यांवरून एकीवर आलेल्या वासनिकाची थट्टा करू नये, आणि पाहुणचार म्हणून त्याच्यापुढे खर्रा तर मुळीच करू नये. नागपूरकडे हा रिवाज घरोघरी रुजला आहे. त्यागाला निघालेल्या जीवाची वाट बहुतेक वेळा तेथेच अडते.