सोडून जाण्याचा धम्म



वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या आपल्या सहा तालुक्यांतील मुले-मुली आता शिकली. कोणी खासगी संस्थेच्या शाळेत लागले, कोणी पतसंस्थेत, कोणी दुकानात. पुढे एखाद्या दिवशी अधिक चांगल्या जागेचा आदेश हाती पडतो. नोकरी कशी मिळवावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. हातची नोकरी कशी सोडावी, हे मात्र कोणी सांगत नाही. आज त्याविषयीच बोलावयाचे आहे.

प्रथम माझाच दोष सांगतो. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. पहिल्या शाळेत अनेक अपमान गिळावे लागले होते. नव्या जागेचा आदेश येताच मी राजीनामा टेबलावर आपटला, मनातले सारे सर्वांदेखत बोलून घेतले आणि चौथ्या दिवशी गाव सोडले. दहावीचे बीजगणित अर्धेच शिकवून झाले होते. काही वर्षांनी वाशीमच्या बसस्थानकावर त्या वर्गातील एक मुलगी भेटली. “जय भीम, सर” म्हणाली, आणि मग खाली पाहून बोलली, “आम्हाले सांगून तं जायचं होतं.” अपमान केला तो संस्थेच्या माणसांनी. शिक्षा भोगली त्या मुलीने, आणि ती शिक्षा मी दिली होती.

माझे वडील सालगडी होते. मालक कसाही असो, पाडव्याला साल संपले की ते बैलांना पाणी दाखवीत, वखर, डवरे, कासरे मोजून ताब्यात देत आणि दिवसाढवळ्या वाड्याबाहेर पडत. शिकलेल्या मला ती लाचारी वाटे. ते म्हणत, “आपल्या मागं कोनी बोट दाखवू नये.” त्यातला स्वाभिमान मला फार उशिरा कळला.

बंधूंनो, आपला धम्मच एका सोडून जाण्यापासून सुरू होतो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जी हकीकत सांगितली आहे, ती पुन्हा वाचा. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा झाला. शाक्य संघाने बहुमताने युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थाने भर सभेत विरोध केला, तडजोडीचा मार्ग सुचविला. तो मानला गेला नाही. तेव्हा त्याने परिव्रज्या स्वीकारली. आपल्यासाठी कुटुंबाला शिक्षा होऊ नये, एवढीच त्याची विनंती होती. मध्यरात्री पत्नीला झोपेत टाकून तो पळाला नाही. आईवडिलांना सांगून, यशोधरेशी बोलून, लोकांच्या डोळ्यांदेखत तो निघाला. पुढे ज्ञानाच्या शोधात त्याने आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या गुरूंनाही सोडले. परंतु संबोधी प्राप्त झाल्यावर धम्म प्रथम कोणाला सांगावा, या विचारात आधी आठवण झाली ती याच दोघांची. गुरू सुटले, कृतज्ञता सुटली नाही.

बाबासाहेबांचे चरित्रही पाहा. नोव्हेंबर 1918 मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथेही अस्पृश्यतेने पाठ सोडली नाही. पण ते रागाच्या भरात उठून गेले नाहीत. लंडनचे अपुरे शिक्षण डोळ्यांसमोर ठेवून पगारातून पैसा साठविला, शाहू महाराज आणि मित्र नवल भाथेना यांचे साहाय्य मिळविले आणि मार्च 1920 मध्ये राजीनामा दिला. पुढची वाट आधी बांधली, मग पाऊल उचलले.

27 सप्टेंबर 1951 रोजी त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा पंतप्रधान नेहरूंकडे पाठविला. हिंदू कोड बिलाची वाताहत झाली होती, मन विटले होते. तरीही आपल्याकडे असलेली विधेयके मार्गी लावण्यासाठी ते अधिवेशन संपेपर्यंत थांबले. ऑक्टोबरात सभागृहात निवेदन करू देण्यात अडथळा आला, तेव्हा ते बाहेर पडले आणि ते निवेदन वृत्तपत्रांना दिले. मंत्रिमंडळ का सोडले, याची कारणे देशापुढे मांडली. म्हणून सभ्यपणे जाणे म्हणजे तोंड शिवून जाणे, असे समजू नका. हातातले काम पुरे करा. सत्य सांगावयाचे तर योग्य ठिकाणी, नाव-गाव घालून, लेखी सांगा. टपरीवरची निंदा ही सम्यक वाचा नव्हे.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सेवकाची कर्तव्ये सांगितली आहेत: दिले तेवढेच घ्यावे, काम चांगले करावे, धन्याचे नाव राखावे. पण तेथेच धन्यालाही बांधले आहे: शक्ती पाहून काम द्यावे, वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, वेळेवर सुट्टी द्यावी. धम्म एकट्या सेवकाला वाकवीत नाही.

तेव्हा निघताना काय कराल? नवा आदेश लेखी हाती आल्याखेरीज राजीनामा देऊ नका. खासगी शाळेतील शिक्षकासाठी 1977 चा कायदा आहे. त्याप्रमाणे राजीनाम्याच्या दोन प्रती काढा, दोन्हींवर सही व तारीख घाला, एक नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवा, दुसरी स्वतःजवळ ठेवा. 1981 च्या नियमांप्रमाणे कायम शिक्षकाने तीन महिन्यांची आणि इतरांनी एक महिन्याची पूर्वसूचना द्यावयाची असते. कोऱ्या कागदावर सही कोणालाही देऊ नका. हजेरीपट, गुणपत्रके, साठा नोंदवही, कपाटाच्या किल्ल्या यादी करून सोपवा आणि पोच घ्या. कार्यमुक्तीचा आदेश व सेवापुस्तकातील नोंदी तपासा. शिकवून काय झाले, काय राहिले, कोणते मूल कशात अडते, हे मागून येणाऱ्यासाठी लिहून ठेवा. आणि शेवटच्या दिवशी वर्गात उभे राहून मुलांना सांगा की मी जातो आहे.

एक गोष्ट राहिली. मार्च 1956 मध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयीची आपली व्यथा बोलून दाखविली होती: हे लोक वर गेले आणि समाजाला विसरले. नोकरी बदला, जिल्हा बदला, पगार वाढू द्या. पण गावातल्या विहारात संध्याकाळी अभ्यासाला बसणारी मुले हा काही नोकरीचा पदभार नव्हे. तो दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळे होता येत नाही.

त्या मुलीला बसस्थानकावर मी उत्तर देऊ शकलो नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे लिहिले.

नमो बुद्धाय! जय भीम!