एका मुलासाठी एक घर

पंधरा वर्षांचा मुलगा घरात आदळआपट करतो, आईवर हात उगारतो, शाळा बुडवून कर्जत स्टेशनवर रात्र काढतो. त्याचं करायचं काय? आपलं उत्तर ठरलेलं असतं : कुठंतरी ठेवा. वसतिगृहात, आश्रमशाळेत, हातून गुन्हा घडला असेल तर निरीक्षणगृहात. मला ते पटत नाही, कारण तिथं त्याच्या सोबतीला त्याच्यासारखीच बिथरलेली पोरं असतात. डिशन, मकॉर्ड आणि पूलँ या अभ्यासकांनी १९९९ मध्ये हाच धोका मांडला : अशा मुलांना एकत्र आणून सुधारू गेलं, तर काही वेळा ती अधिकच बिघडतात.

अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये पॅट्रिशिया चेंबरलेन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात वेगळी वाट धरली. एका घरात एकच मूल. सांभाळणाऱ्यांना आधी प्रशिक्षण, मग त्यांना रोज फोन : आज कशावरून बिनसलं? चांगल्या वागण्याची लगेच दखल, चुकीला आधीच ठरलेली छोटी शिक्षा. त्याच काळात सख्ख्या आईवडिलांनाही हीच रीत शिकवायची, कारण काही महिन्यांनी पोर त्यांच्याकडेच परतणार असतं. ७९ मुलग्यांवरच्या, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, समूहगृहात राहिलेल्यांपेक्षा अशा घरांत राहिलेल्यांच्या हातून पुढे कमी गुन्हे घडले.

आपल्या कायद्यानं ही वाट बंद केलेली नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ४४ प्रतिपालकत्वाचं, म्हणजे मूल काही काळ दुसऱ्या घरी सांभाळायला देण्याचं आहे, आणि कलम १८ नुसार गुन्हा केलेल्या मुलालाही तीन वर्षांपर्यंत ‘योग्य व्यक्ती’च्या हवाली करता येतं. मिशन वात्सल्यमधून दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात, राज्याच्या बालसंगोपन योजनेतून २,२५०. त्यात पोराचं जेवण आणि वह्या भागतील. पण रात्री अकराला दार आपटून तो निघून गेला, तर मामीनं कुणाला विचारायचं?

मामी म्हणतो, कारण इथं आईबापांपासून दुरावलेली मुलं बहुधा नात्यातच वाढतात. इर्शाळवाडीचंच पाहा. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या या वाडीवर दरड कोसळली. आश्रमशाळेत असल्यामुळे काही मुलं वाचली, त्यांतली काही पोरकी झाली. त्यांचं पालकत्व स्वीकारण्याची घोषणा तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी केली, ते चांगलंच झालं. पण तेव्हाची दहा-बारा वर्षांची पोरं आता वयात आली आहेत. त्या वयातलं दुःख रडूनच बाहेर पडतं असं नाही. ते शिवीतून, मारामारीतूनही निघतं. तेव्हा घोषणेपेक्षा घरातल्या माणसाला शिकवणारं, धीर देणारं कुणीतरी लागतं.

एक भीती मात्र मनातून जात नाही. आमच्याकडे, कर्जत भागात, फार्महाऊस वाढली आहेत, वीटभट्ट्या आहेत, आणि कातकरी आदिवासींनी उचल घेऊन पिढ्यान्‌पिढ्या राबणं काय असतं ते भोगलं आहे. ‘मुलगा सांभाळतो’ म्हणत कुणी फुकटचा गडी मिळवू नये. म्हणून सुरुवात त्याच्याच वाडीतल्या, त्याची बोली बोलणाऱ्या, निवडक घरांपासून व्हावी. रायगड जिल्ह्याची यंत्रणा अलिबागला. तिथून हे काम दिसणार नाही. या घरांमागे कर्जतमध्येच बसणारा एक प्रशिक्षित कार्यकर्ता हवा. त्यानं रात्रीचा फोन उचलावा, न कळवता घरी जावं, शाळेचा हजेरीपट पाहावा, आणि मुलाशी घरच्यांसमोर नाही, एकट्यानं बोलावं.